अमेरिकेत विमा कंपनी दाद देत नसेल तर: राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार कशी करायची

भारतातून इथे आलेल्या माणसाच्या डोक्यात विम्याचं चित्र सोपं असतं. देशाला एकच नियामक, तो हैदराबादला. कंपनीने ऐकलं नाही तर त्याचं पोर्टल, तिथेही जमलं नाही तर विमा लोकपाल. अमेरिकेत क्लेम अडकला की माणूस त्याच सवयीने वॉशिंग्टनमधलं विमा ऑफिस शोधायला लागतो. ते सापडत नाही, कारण इथे विम्यावर राज्य सरकारांचा ताबा आहे. न्यू जर्सीत बँकिंग आणि विमा खातं, न्यूयॉर्कमध्ये वित्तीय सेवा खातं, टेक्सासमध्ये नुसतं विमा खातं. पन्नास राज्यांची पन्नास दारं, आणि डी.सी.चं आणखी एक. यातलं आपलं दार कोणतं, हे ओळखण्यातच निम्मं काम होतं. बाकीचं निम्मं कागदांचं. हा लेख या दोन गोष्टींबद्दल आहे.

हे असं का झालं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या बऱ्याच गुंत्याचं मूळ त्यात आहे. न्यू हॅम्पशायरने १८५१ साली विम्यावर देखरेखीसाठी अधिकारी नेमले. १८६९ मध्ये ‘पॉल विरुद्ध व्हर्जिनिया’ या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की विमा हा आंतरराज्य व्यापार नाही, म्हणून केंद्राचा संबंध नाही. १९४४ मध्ये त्याच कोर्टाने आपलं मत फिरवलं. पण राज्यं आणि कंपन्या दोघांनाही जुनीच घडी हवी होती, आणि पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, काँग्रेसने मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा करून विम्याचं नियमन पुन्हा राज्यांच्या हाती दिलं. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने वॉशिंग्टनमध्ये एक केंद्रीय विमा कार्यालय उघडलं खरं, पण ते निरीक्षण करतं आणि अहवाल लिहितं. तुमचा क्लेम का नाकारला, हे ते विचारणार नाही. राज्यांच्या आयुक्तांची १८७१ पासूनची एक संघटना आहे, एनएआयसी. ती नमुना कायदे बनवते आणि माहिती गोळा करते. तो कायदा जसाच्या तसा घ्यायचा, बदलून घ्यायचा की नाकारायचा, हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं.

खातं नेमकं काय बघतं

कंपनीला आणि एजंटला परवाना देणं, कंपनीकडे क्लेम भागवायला पुरेसे पैसे आहेत का ते तपासणं, पॉलिसीतली कलमं आणि प्रीमियमचे दर पाहणं, कंपन्या ग्राहकांशी कसं वागतात याची अधूनमधून झाडाझडती घेणं, आणि तक्रारी ऐकणं. यादी सगळीकडे सारखीच. फरक पडतो तो कडकपणात.

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९८८ मध्ये प्रपोझिशन १०३ मंजूर केलं. तेव्हापासून तिथे गाडी आणि घराच्या विम्याचा दर वाढवायचा तर कंपनीला आधी आयुक्ताची मंजुरी लागते, आणि तो आयुक्त लोक निवडून देतात. असे निवडून आलेले आयुक्त अकरा राज्यांत आहेत. बाकी बहुतेक ठिकाणी गव्हर्नर नेमतो. टेक्सासमध्ये कंपनी दर दाखल करून लगेच वापरू शकते, खातं आक्षेप नंतर घेतं. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि हवाईमध्ये गाडीच्या विम्याचा दर ठरवताना क्रेडिट स्कोअर वापरायला बंदी आहे. न्यू जर्सीत आणि टेक्सासमध्ये तो चालतो. नुकत्याच आलेल्या, क्रेडिटची कोरी पाटी असलेल्या मुलामुलींना हा फरक प्रीमियमच्या आकड्यात थेट दिसतो.

किमान कव्हरही राज्यागणिक बदलतं. न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑटो पॉलिसीत १ जानेवारी २०२६ पासून एका व्यक्तीच्या इजेसाठी ३५ हजार, एका अपघातासाठी ७० हजार आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी २५ हजार डॉलर लागतात. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून हेच आकडे ३०, ६० आणि १५ हजार आहेत. तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसनहून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला नोकरी बदलली की गाडीची पॉलिसीसुद्धा नव्या राज्याची घ्यावी लागते. नुसता पत्ता बदलून भागत नाही.

पायरी पहिली: तुमची पॉलिसी कोणाच्या अखत्यारीत?

गाडी, घर, भाड्याचं घर, आयुर्विमा, ॲन्युइटी (पेन्शनसारखं उत्पन्न देणारा करार) यांचं उत्तर सोपं आहे: ज्या राज्यात पॉलिसी दिली गेली त्या राज्याचं विमा खातं. बहुधा ते तुमच्या राहत्या राज्याचंच असतं.

गोंधळ आरोग्य विम्यात आहे, आणि आपल्या लोकांचे सर्वांत जास्त क्लेम तिथेच अडकतात. मोठ्या आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्याच्या कार्डावर एखाद्या नामांकित विमा कंपनीचा लोगो असतो, म्हणून तो तिला आपली विमा कंपनी समजतो. प्रत्यक्षात कित्येकदा तुमच्या उपचाराचे पैसे तुमचा एम्प्लॉयर स्वतःच्या खिशातून देत असतो, आणि लोगोवाली कंपनी फक्त कारकुनी करते. याला सेल्फ-फंडेड प्लॅन म्हणतात. नोकरीतून आरोग्य विमा मिळणाऱ्या अमेरिकन कर्मचाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून जास्त लोक अशा प्लॅनमध्ये आहेत. १९७४ च्या एरिसा या केंद्रीय कायद्यामुळे राज्यांचे विमा कायदे या प्लॅनना लागू होत नाहीत. राज्याच्या खात्याकडे तक्रार केलीत तर काही आठवड्यांनी ‘हे आमच्या अधिकारात नाही’ असं सभ्य पत्र येतं, आणि तोवर अपिलाच्या मुदतीतले तेवढे दिवस सरलेले असतात.

हे कसं ओळखायचं? कार्ड उलटं करा आणि बारीक अक्षरं वाचा. ‘ॲडमिनिस्टर्ड बाय’ किंवा ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सर्व्हिसेस ओन्ली’ असे शब्द असतील तर प्लॅन बहुतेक सेल्फ-फंडेड आहे. ‘इन्शुअर्ड बाय’ किंवा ‘अंडररिटन बाय’ असेल तर खरा विमा, म्हणजे राज्याच्या ताब्यातला. काही राज्यांत कार्डावर तसा ठळक उल्लेखही असतो. तरी नक्की कळेना तर एचआरला ईमेल करून एकच प्रश्न विचारा: ‘आपला प्लॅन सेल्फ-फंडेड आहे की फुली इन्शुअर्ड? समरी प्लॅन डिस्क्रिप्शन पाठवा.’ फोनवर विचारू नका. एचआरमधल्या माणसालाही बऱ्याचदा ठाऊक नसतं, आणि तो अंदाजाने उत्तर देतो.

प्लॅन सेल्फ-फंडेड निघाला तर दार केंद्रीय श्रम खात्याचं: तिथल्या ईबीएसए या कर्मचारी-लाभ विभागाचा मोफत क्रमांक १-८६६-४४४-३२७२. तिथले सल्लागार कंपनीशी बोलतात, आणि माझ्या मते या सेवेची जेवढी माहिती लोकांना असायला हवी तेवढी नाही.

कॅलिफोर्नियात आणखी एक फाटा आहे. तिथे आरोग्य विम्यावर दोन खाती बसलेली आहेत: एचएमओ (ठरावीक डॉक्टरांपुरते प्लॅन) आणि बरेचसे पीपीओ (नेटवर्कबाहेरही जाता येणारे प्लॅन) ‘मॅनेज्ड हेल्थ केअर’ खात्याकडे, उरलेले विमा खात्याकडे. तुमचं कोणतं, ते पॉलिसीच्या कागदात तक्रारीच्या प्रकरणाखाली लिहिलेलं असतं. चुकीच्या खात्यात अर्ज गेला तरी ते सहसा योग्य ठिकाणी पाठवतात, पण वेळ जातोच.

ग्रीन कार्ड मिळालेल्या आईबाबांची मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, असेल तर तो केंद्राचा मामला. मेडिकेअर ॲडव्हांटेज प्लॅन खासगी कंपनीचा असला तरी क्लेम नाकारल्याची दाद मेडिकेअरच्याच अपील व्यवस्थेत मागायची. एजंटाने फसवून प्लॅन गळ्यात मारला असेल, तर मात्र एजंट राज्याच्या परवान्यावर चालतो, म्हणून राज्याकडेही तक्रार करा.

आता व्हिजिटर इन्शुरन्स. सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईबाबांसाठी आपण जो ऑनलाइन घेतो तो. हे खरेदी करतानाच ओळखावं लागतं, नंतर उपयोग नाही. यातल्या काही पॉलिसी ‘सरप्लस लाइन्स’ प्रकारच्या असतात, म्हणजे त्यामागची कंपनी त्या राज्यात नेहमीच्या परवान्यावर काम करत नसते. काहींच्या मागे लंडनच्या लॉइड्स या विमा बाजारातले अंडररायटर, म्हणजे जोखीम घेणारे, असतात. अशा पॉलिसीचे दर आणि कलमं राज्याने तपासलेली नसतात, आणि कंपनी बुडाली तर राज्याचा हमी निधी साधारणपणे मिळत नाही. राज्याचा हात ती विकणाऱ्या ब्रोकरपर्यंत पोचतो, एवढाच काय तो आधार. शिवाय आधीपासूनच्या आजारांचं कलम. बाबांना मधुमेह आणि रक्तदाब, आणि पॉलिसीत फक्त ‘ॲक्यूट ऑनसेट’ला कव्हर. याचा अर्थ अचानक, आधी लक्षण न दिसता झालेला त्रास, आणि ठरावीक तासांच्या आत घेतलेले उपचार. चार दिवस छातीत दुखत होतं, असं इमर्जन्सीतल्या डॉक्टरने टिपून ठेवलं की क्लेम त्याच वाक्यावर नाकारला जातो. फिक्स्ड बेनिफिट आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह यांतला फरकही आधी समजून घ्या: पहिल्या प्रकारात प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते, आणि इथल्या हॉस्पिटलच्या बिलापुढे ती चिल्लर ठरते. पुण्याहून निघताना भारतीय कंपनीची प्रवास विमा पॉलिसी घेतली असेल, तर इथली सगळी खाती विसरा. दाद भारतात: आधी कंपनीचा तक्रार अधिकारी, मग बीमा भरोसा पोर्टल किंवा मुंबई-पुण्याचा विमा लोकपाल. लोकपालाकडे कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जावं लागतं.

पायरी दुसरी: कागद

खात्यातला अधिकारी तुमच्या घरी येऊन भिंतीची ओल बघणार नाही. त्याच्यापुढे फक्त फाइल असते, तुमची आणि कंपनीची. कंपनीची फाइल नीटनेटकी, तारीखवार असते. तुमचीही तशीच हवी.

पूर्ण पॉलिसी मिळवा, दोन पानी सारांश नव्हे. डेक्लरेशन पान (कव्हर आणि रकमांचा गोषवारा), मूळ कलमं आणि मागे जोडलेली एंडॉर्समेंट्स, म्हणजे मूळ कलमांत बदल करणारी पानं. अपवाद बहुतेकदा एंडॉर्समेंटमध्येच लपलेले असतात. कंपनी देत नसेल तर ‘सर्टिफाइड कॉपी’ लेखी मागा. नकाराचं पत्र असेल तर त्यात कोणत्या कलमाचा आधार घेतलाय त्यावर खूण करा. कलमाचा उल्लेखच नसेल, नुसतं ‘कव्हर होत नाही’ असं असेल, तर बहुतेक राज्यांत तीच एक नियमभंगाची गोष्ट आहे. आरोग्य विम्यात ‘एक्सप्लनेशन ऑफ बेनिफिट्स’ (कंपनीने किती दिलं, तुमचा हिस्सा किती, याचा कागद) आणि हॉस्पिटलचं बिल शेजारी ठेवून उपचारांचे कोड जुळवा. कितीदा तरी भानगड विमा कंपनीची नसते, डॉक्टरच्या बिलिंग ऑफिसने चुकीचा कोड टाकलेला असतो, आणि ते एका फोनवर मिटतं.

फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून धरू नका. प्रत्येक कॉलनंतर त्याच दिवशी ॲडजस्टरला, म्हणजे क्लेम तपासणाऱ्या कंपनीच्या माणसाला, चार ओळींची ईमेल टाका: आज अमुक वाजता बोललो, तुम्ही असं सांगितलंत, यात काही चुकलं असेल तर कळवा. उत्तर नाही आलं तरी ती ईमेल फाइलमध्ये राहते. कॉल गुपचूप रेकॉर्ड करायच्या भानगडीत पडू नका. कॅलिफोर्नियात खासगी संभाषणासाठी सगळ्यांची संमती लागते, नाहीतर गुन्हा होतो. पोर्टलवरच्या चॅटचे स्क्रीनशॉट मात्र जरूर घ्या, क्लेम बंद झाला की ते दिसेनासे होऊ शकतात.

पायरी तिसरी: मुदती मोजा

तक्रारीतला सर्वांत धारदार मुद्दा तारखांचा असतो. ‘ॲडजस्टर उद्धट बोलला’ यावर खातं फारसं काही करू शकत नाही. ‘नियमाप्रमाणे चाळीस दिवस होते, त्रेपन्न झाले’ यावर कंपनीला लेखी उत्तर द्यावंच लागतं.

कॅलिफोर्नियात क्लेम कळवल्यावर कंपनीने १५ दिवसांत पोच द्यायची, पुरावे मिळाल्यावर ४० दिवसांत मंजूर की नामंजूर ते सांगायचं, आणि मान्य झालेली रक्कम ३० दिवसांत द्यायची. निर्णयाला जास्त वेळ हवा असेल तर कारण लेखी कळवायचं, आणि दर ३० दिवसांनी पुन्हा कळवायचं. टेक्सासमध्ये पोच १५ दिवसांत, सगळी कागदपत्रं मिळाल्यावर १५ कामकाजाच्या दिवसांत निर्णय, आणि मंजुरी कळवल्यावर ५ कामकाजाच्या दिवसांत पैसे. इतर राज्यांचे आकडे वेगळे आहेत. खात्याच्या संकेतस्थळावर ‘अनफेअर क्लेम प्रॅक्टिसेस’ किंवा ‘प्रॉम्प्ट पे’ असं शोधलं की मिळतात. कामकाजाचे दिवस की सरसकट दिवस, हे नीट पाहा.

यातली निर्णयाची मुदत सुरू होते ती तुमच्याकडून सगळे कागद गेल्यावर. म्हणूनच शेवटचा कागद पाठवताना ‘यासह तुम्ही मागितलेले सर्व कागद दिले आहेत, आणखी काही हवं असल्यास लेखी कळवा’ एवढं वाक्य टाकायला विसरू नका. घड्याळ तिथून चालू होतं.

पायरी चौथी: तक्रार लिहिणं

आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून बघा, पण तिच्या उत्तराची महिनोन्‌महिने वाट पाहत बसू नका. बहुतेक राज्यांची तक्रार ऑनलाइन आणि मोफत आहे, वकील लागत नाही. कॅलिफोर्निया विमा खात्याचा मदत क्रमांक १-८००-९२७-४३५७, टेक्सासचा १-८००-२५२-३४३९. इंग्रजी अडखळत असेल तर दुभाषी मागता येतो. आईबाबांच्या वतीने तुम्ही बोलणार असाल तर त्यांच्या सहीचं अधिकारपत्र सोबत जोडा. त्याशिवाय कंपनी तुमच्याशी त्यांच्या क्लेमबद्दल बोलणार नाही, आणि खातंही नाही.

आपण लिहायला बसलो की रागाच्या भरात चार पानं लिहितो. प्रीमियम कधी चुकवला नाही, वीस वर्षं ग्राहक आहे, अशी वागणूक अपेक्षित नव्हती वगैरे. अधिकाऱ्याला त्यातून नियमाचा भंग शोधून काढायचा असतो, आणि त्याच्या टेबलावर अशा कितीतरी फायली असतात. कॅलिफोर्नियातल्या घरात सिंकखालचा पाइप फुटला असं धरू. मजकूर साधारण असा असावा:

‘पॉलिसी क्रमांक अमुक, क्लेम क्रमांक तमुक. ३ मार्चला स्वयंपाकघरातला पाइप फुटून खालच्या खोलीत पाणी शिरलं. ४ मार्चला क्लेम नोंदवला. ११ मार्चला ॲडजस्टरने पाहणी केली. २० मार्चला प्लंबरचा अहवाल, फोटो आणि दुरुस्तीचे दोन अंदाज ईमेलने पाठवले. पोच जोडली आहे, जोडपत्र ३. आज १२ मे. ५३ दिवस झाले. निर्णय नाही, उशिराचं लेखी कारणही नाही. विनंती: कंपनीने क्लेमचा निर्णय लेखी द्यावा, आणि नाकारत असल्यास पॉलिसीतलं नेमकं कलम सांगावं.’

संपलं. यात एकही विशेषण नाही. मागणी करताना नेमकी करा: अमुक रक्कम, लेखी निर्णय, पॉलिसी पुन्हा चालू करणं, प्रीमियम परत. ‘न्याय मिळावा’ ही मागणी अधिकाऱ्याला कुठल्याच रकान्यात भरता येत नाही. आणि एक ध्यानात ठेवा की तुमचं पत्र जसंच्या तसं कंपनीकडे जातं. त्यात असं काही लिहू नका जे उद्या कोर्टात तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवलं जाईल.

पुढे काय होतं, आणि काय होत नाही

खातं तक्रार कंपनीकडे पाठवतं. कंपनीला ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावं लागतं, कॅलिफोर्नियात २१ दिवसांत, टेक्सासमध्ये १५. आत काय घडतं तर तुमची फाइल पहिल्या ॲडजस्टरच्या हातून निघून नियामकाशी पत्रव्यवहार करणाऱ्या वेगळ्या टेबलावर जाते. नुसतं रेंगाळलेलं प्रकरण बऱ्याचदा एवढ्यानेच हलतं. उत्तर आलं की अधिकारी ते पॉलिसी आणि नियमांशी ताडून पाहतो. नियमभंग दिसला तर कंपनीला दुरुस्ती करायला लावतो. त्याच कंपनीबद्दल तशाच तक्रारी साचल्या तर झाडाझडती आणि दंडापर्यंत जातं.

पण खातं न्यायाधीश नाही. अपघातात चूक कोणाची, छताची दुरुस्ती आठ हजारांची की अठरा हजारांची, साक्षीदार खरं बोलला की खोटं, हे ते ठरवत नाही. रकमेवरूनच वाद असेल तर पॉलिसीत ‘अप्रेझल’चं कलम आहे का बघा: दोन्ही बाजूंचा एकेक मूल्यमापक आणि त्यांच्यावर एक पंच. मोठ्या वादळानंतर किंवा वणव्यानंतर दारावर ‘पब्लिक ॲडजस्टर’ येतात, क्लेमच्या रकमेत टक्केवारी घेऊन तुमच्या बाजूने लढतो म्हणतात. काही खरंच चांगले असतात. सही करण्याआधी त्यांचाही राज्याचा परवाना तपासा.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज: खात्याकडे तक्रार केली म्हणजे कोर्टात जायची मुदत थांबली. तसं धरून चालू नका. कितीतरी घरविमा पॉलिसींत दावा लावायला एक-दोन वर्षंच दिलेली असतात. रक्कम मोठी असेल तर तक्रार आणि वकिलाचा सल्ला दोन्ही बरोबरीने चालू द्या.

उपचार नाकारले असतील तर वेगळी वाट

‘मेडिकली नेसेसरी नाही’ असं सांगून विमा कंपनीने उपचार नाकारले, तर साध्या तक्रारीपेक्षा मोठं हत्यार तुमच्याकडे आहे: बाहेरच्या, स्वतंत्र डॉक्टरांकडून फेरतपासणी. आधी कंपनीकडे अंतर्गत अपील, नकार मिळाल्यापासून १८० दिवसांत. तेही फेटाळलं तर चार महिन्यांत एक्स्टर्नल रिव्ह्यू मागायचा. नेहमीचा निकाल ४५ दिवसांत लागतो. जिवाला किंवा अवयवाला धोका असेल तर ७२ तासांत. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. ओबामांच्या काळातल्या आरोग्य कायद्यामुळे बहुतेक सेल्फ-फंडेड प्लॅननाही असा बाहेरचा रिव्ह्यू द्यावा लागतो, फक्त त्याची व्यवस्था राज्याच्या खात्याकडून होत नाही. कॅलिफोर्नियाच्या मॅनेज्ड हेल्थ केअर खात्यात हाच प्रकार ‘आयएमआर’ नावाने मोफत मिळतो. प्लॅनकडे तक्रार करून ३० दिवस झाले की अर्ज करता येतो, तातडी असेल तर त्याआधीही.

इथे जिंकायचं ते डॉक्टरच्या पत्रावर. ‘रुग्णाला याची गरज आहे’ एवढं पुरत नाही. कंपनीने आपला क्लिनिकल निकष कोणता वापरला ते मागवा, मागितल्यावर द्यावाच लागतो, आणि डॉक्टरला त्या निकषाच्या एकेका मुद्द्याला उत्तर द्यायला सांगा: आधी कोणती औषधं दिली, किती आठवडे, काय परिणाम झाला. डॉक्टर घाईत असतात. मसुदा तुम्हीच तयार करून दिलात तर बरेचजण दुरुस्त करून सही करतात.

इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलचं किंवा ॲनेस्थेशियावाल्या डॉक्टरचं अवाढव्य बिल आलं असेल तर भरायची घाई करू नका. १ जानेवारी २०२२ पासून नो सर्प्रायझेस कायदा लागू आहे. अशा बहुतेक बिलांत तुमच्याकडून नेटवर्कमधल्या दरानेच हिस्सा घेता येतो. जमिनीवरची ॲम्ब्युलन्स मात्र या केंद्रीय कायद्यातून सुटलेली आहे.

विकत घेण्याआधीचे पाच मिनिटांचे काम

एजंटाचा परवाना राज्याच्या संकेतस्थळावर नावावरून शोधता येतो. एनएआयसीच्या ग्राहक माहिती पानावर कंपनीचा ‘कंप्लेंट इंडेक्स’ मिळतो. १.०० म्हणजे तिच्या व्यवसायाच्या मानाने सरासरी तक्रारी, २.०० म्हणजे दुप्पट. स्वस्त कोट बघून भाळण्याआधी हा आकडा पाहावा. दरवाढीची नोटीस आली आणि कुतूहल वाटलं, तर बऱ्याच राज्यांत कंपनीने खात्याकडे दाखल केलेला दराचा अर्ज ‘सर्फ’ या प्रणालीवर कोणालाही वाचता येतो.

एका उत्पादनाबद्दल मात्र जरा स्पष्ट बोलतो. मंडळाच्या गणपतीत ओळख झालेले एखादे काका किंवा वहिनी पंधरा दिवसांनी ‘रिटायरमेंट प्लॅनिंग’साठी घरी येतात आणि इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ (आययूएल), म्हणजे शेअर निर्देशांकाशी जोडलेला आयुर्विमा, समोर ठेवतात. बाजार चढला तर फायदा, पडला तर शून्य, आणि पैसे करमुक्त. उत्पादन बेकायदा नाही, आणि काही मोजक्या लोकांना उपयोगीही आहे. पण ते विकायला फक्त आयुर्विम्याचा परवाना लागतो, रोखे विकण्याचा नाही. कमिशन पहिल्या वर्षी भरभक्कम असतं. आणि पैसे लवकर काढले तर सरेंडर चार्ज अनेकदा दहा-पंधरा वर्षं पाठ सोडत नाही. इलस्ट्रेशनमधले, म्हणजे पुढे पैसे किती होतील याच्या अंदाजपत्रकातले, चकचकीत आकडे इतके बेछूट झाले होते की नियामकांना २०१५ मध्ये त्यावर मर्यादा घालणारी ४९ क्रमांकाची मार्गदर्शक सूचना काढावी लागली, आणि २०२० मध्ये ती पुन्हा आवळावी लागली. काकांना सांगा: हमी असलेला रकाना दाखवा, दरवर्षीचे सगळे खर्च दाखवा, आणि पाचव्या वर्षी सोडली तर हातात काय येईल ते लिहून द्या. भीड वाटत असेल तर पॉलिसी घरी आल्यावरही वाट आहे. ‘फ्री लुक’ची मुदत बहुतेक राज्यांत किमान १० दिवस, कॅलिफोर्नियात साठी ओलांडलेल्यांना ३० दिवस. त्या मुदतीत पॉलिसी परत केली तर भरलेले पैसे परत मिळतात. फोनवर सांगू नका, लेखी आणि पोच घेऊन करा.

कंपनीच बुडाली तर

प्रत्येक राज्यात हमी संघ असतो आणि तिथल्या परवानाधारक कंपन्यांना त्यात पैसे भरावे लागतात. आयुर्विम्यात बहुतेक राज्यांत मृत्यू लाभाला ३ लाख डॉलर, पॉलिसीच्या रोख मूल्याला १ लाख आणि ॲन्युइटीला अडीच लाखांपर्यंत संरक्षण असतं. या संरक्षणाची जाहिरात करून पॉलिसी विकायला कायद्याने मनाई आहे. एजंट ते सांगून गळ घालत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

हरवलेली पॉलिसी शोधणं

हे विशेषतः भारतातल्या नातेवाइकांसाठी. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत वारली, काही पॉलिसी होती असं ऐकलंय, पण कागद कोणाकडेच नाहीत, अशी वेळ येते. एनएआयसीची मोफत ‘लाइफ इन्शुरन्स पॉलिसी लोकेटर’ सेवा २०१६ पासून चालू आहे आणि तिचा अर्ज ऑनलाइनच भरायचा असतो. मृताचं कायदेशीर नाव, सोशल सिक्युरिटी क्रमांक, जन्मतारीख आणि मृत्यूची तारीख हवी. ही माहिती मृत्यू दाखल्यावरूनच घ्या. सहभागी कंपन्या आपापल्या नोंदी तपासतात. पॉलिसी सापडली आणि तुम्ही लाभार्थी असाल किंवा माहिती मिळायला पात्र असाल, तर कंपनी थेट तुमच्याशी संपर्क साधते. नसाल किंवा पॉलिसीच नसेल तर काहीच कळवलं जात नाही, म्हणून शांततेचा अर्थ लावत बसू नका. त्याच वेळी मृत व्यक्ती ज्या ज्या राज्यांत राहिली, त्या प्रत्येकाच्या बेवारस मालमत्ता विभागातही नाव टाका, कारण लाभार्थी न सापडलेले विम्याचे पैसे काही वर्षांनी तिकडे जमा होतात. शोध फुकट असतो. पैसे मिळवून देतो म्हणून टक्केवारी मागणारा फोन आला तर ठेवून द्या. नोकरीतून मिळालेला गट विमा वेगळा विचारावा लागतो: शेवटच्या एम्प्लॉयरच्या एचआरला मृत्यू दाखल्याची प्रत पाठवा आणि आधीच्या एम्प्लॉयरकडेही चौकशी करा, कारण नोकरी सोडताना काहीजण तो विमा स्वतःच्या नावावर चालू ठेवतात.